मराठी वेब पेज हाताने लिहायचं तर: मजकूर साफ करण्यापासून व्हॅलिडेटरपर्यंत

ब्राउझरमध्ये पेज नीट दिसलं म्हणजे त्यामागचं एचटीएमएल (वेब पेज ज्यात लिहितात तो कोड) बरोबर आहे, हा समज बहुतेक चुकांच्या मुळाशी असतो. ब्राउझर चूक सापडली म्हणून थांबत नाही. स्टँडर्डमध्ये ठरवून दिलेल्या नियमांनी तो ती निस्तरतो आणि काहीतरी दाखवतोच. त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते: स्क्रीन रीडरवर पेज ऐकणाऱ्या अंध वाचकाला, जुन्या फोनवर उघडणाऱ्याला, आणि सहा महिन्यांनी त्याच फाइलमध्ये एक ओळ बदलायला बसणाऱ्याला. मराठी पेजच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे टॅग, म्हणजे टोकदार कंसातल्या खुणा, चुकतात, तशी अक्षरंही चुकतात, आणि ती चूक डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी मोठी गफलत क्रमाची. लोक आधी रंग, फाँट आणि बॅनर ठरवतात, मग त्यात मजकूर कोंबतात, आणि व्हॅलिडेटर, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणारं साधन, शेवटी आठवला तर आठवतो. खाली उलट क्रम दिला आहे. तो मोडू नका.

उदाहरण म्हणून तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचं एकपानी संकेतस्थळ घेऊ. वर नाव, मग उघडण्याच्या वेळा, वर्गणीचा तक्ता, सूचना, इमारतीचा फोटो आणि संपर्क. एवढ्यात जवळजवळ सगळे प्रश्न येतात.

वाचण्याआधी एक लक्षात घ्या. टॅग आणि ॲट्रिब्यूट (टॅगच्या आत लिहायची जास्तीची माहिती, तिच्यापुढे येते ती व्हॅल्यू) यांची नावं या लेखात देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायची. जिथे स्पेलिंगचा घोळ होऊ शकतो तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

## पायरी १: एडिटर निवडा, आणि वर्ड बाजूला ठेवा

एचटीएमएल ही साधी टेक्स्ट फाइल असते. त्यामुळे एडिटरही साधं टेक्स्ट लिहिणारा हवा. व्हीएस कोड फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. फक्त विंडोज असेल आणि संगणक जुना असेल तर नोटपॅड++ हलका पडतो. लिनक्सवर केट उत्तम. काहीच टाकता येत नसेल तर विंडोजचा नोटपॅडही चालतो, पण त्याच्या दोन खोड्या माहीत असाव्यात. फाइल सेव्ह करताना प्रकारात 'ऑल फाइल्स' निवडलं नाही तर नावाच्या शेवटी गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटतं. आणि एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कोणत्या पद्धतीने साठवायची त्याच्या, खान्यात 'यूटीएफ-८' आहे ना, हे बघावं लागतं. नव्या विंडोजमध्ये ते आपोआप असतं. विंडोज ७ च्या काळातल्या मशिनवर तिथे 'ॲन्सी' असतं.

सावधान: मराठी मजकूर ॲन्सीमध्ये सेव्ह झाला की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, आणि ते परत फिरवता येत नाही. नोटपॅड त्याआधी इशारा देतो. तो न वाचता 'ओके' दाबू नका.

वर्डमधून 'सेव्ह ॲज वेब पेज' करून पेज तयार करणं हा मोह टाळा. एका साध्या परिच्छेदाभोवती वर्ड स्वतःच्या स्टाइलची इतकी भर घालतो की मूळ वाक्य शोधावं लागतं. 'फिल्टर्ड' हा पर्याय त्यातला बराच कचरा काढतो, सगळा नाही. गूगल डॉक्समधून वेब पेज म्हणून उतरवलेल्या फाइलचीही हीच गत. तिथे शब्दाशब्दाभोवती अर्थ नसलेल्या नावांचे स्पॅन टॅग बसतात. ही साधनं लेखनासाठी उत्तम आहेत. त्यांतून मजकूर घ्या, मांडणी घेऊ नका.

दिसतं तसं संपादन करणारे, म्हणजे बटण दाबून ठळक करायचे एडिटर वाईट नसतात. फक्त ते वापरताना कोडचा व्ह्यू उघडता येतो का, हे आधी बघा. जिथे मागचं एचटीएमएल बघताच येत नाही, तिथे चूक झाली तरी तुम्हाला ती दुरुस्त करता येणार नाही.

## पायरी २: टॅग लिहिण्याआधी मजकूर धुऊन घ्या

ही पायरी लोक गाळतात, आणि नंतर सगळ्यात जास्त वेळ हीच खाते.

वाचनालयाची जुनी माहिती बहुधा छापखान्यातून किंवा जुन्या टायपिस्टकडून आलेली असते. ती श्रीलिपी, कृतीदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर फाइलमध्ये मुळात देवनागरी अक्षरं नसतातच. तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. ओळखायची रीत सोपी: मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन खिचडी दिसली तर तो युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीतला, नाही. तो आधी कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनातून, काढायलाच हवा. फाँट वेबवर चढवून वेळ मारून नेऊ नका. तसं पेज शोधात सापडत नाही आणि स्क्रीन रीडरला वाचता येत नाही.

कन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी त्यानंतर डोळ्यांखालून घालायच्या जागा ठरलेल्या आहेत:

1. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकला जायचा. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. म्हणून 'स्थिर', 'व्यक्तिगत', 'मार्गदर्शन', 'कार्यकारिणी' असे शब्द मुद्दाम बघा. अक्षराशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर तिथे मात्रा भटकलेली आहे.

2. दऱ्या आणि दर्या. ऱ्य आणि ऱ्ह कन्व्हर्जनमध्ये हमखास बिघडतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्या', 'तऱ्हा' हे शब्द शोधून तपासा. सभासदांच्या यादीत 'कोऱ्हाळे', 'गोऱ्हे' अशी आडनावं असतील तर तीही. माणसाचं नाव चुकीचं छापणं ही छोटी गोष्ट नाही.

3. विसर्गाच्या जागी कोलन. 'स्वत:' आणि 'स्वतः' हे पडद्यावर सारखेच दिसतात, पण पहिल्यात शेवटचं चिन्ह विरामाचं आहे. वाचक 'स्वतः' शोधतो तेव्हा पहिला सापडत नाही. 'दु:ख', 'अंत:करण', 'पुन:' यांतही तेच. एडिटरच्या फाइंडमध्ये कोलन टाका आणि एकेक बघून बदला. 'रिप्लेस ऑल' मात्र करू नका, नाहीतर 'वेळ:' मधल्या खऱ्या कोलनचाही विसर्ग होईल.

4. ॲ. हे एकच अक्षर म्हणून टंकता येतं, 'अ' वर चंद्र चढवूनही, आणि हिंदी कीबोर्डवरच्या 'ऍ' नेही. तिन्ही वेगवेगळे कोड आहेत. मराठीसाठी पहिलं वापरा आणि पूर्ण पेजवर तेच ठेवा.

वर्ड किंवा व्हॉट्सॲपमधून मजकूर आणताना कंट्रोल+शिफ्ट+व्ही वापरून साधं टेक्स्ट म्हणून चिकटवा. अनेक ठिकाणी याने फाँट, रंग आणि दडलेली मांडणी गळून जाते. व्हीएस कोडमध्ये साध्या कंट्रोल+व्हीनेही टेक्स्टच येतं.

तपासा: साफ केलेला मजकूर एका वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. ती उघडून एखादा अवघड शब्द, समजा 'दुसऱ्या', फाइंडमध्ये हाताने टंकून बघा. सापडला पाहिजे.

## पायरी ३: सांगाडा, याच क्रमाने

आता नवी फाइल. तिचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल, सगळं लहान रोमन अक्षरांत. व्हीएस कोडमध्ये उद्गारचिन्ह टंकून टॅब दाबलं की तयार सांगाडा मिळतो. तो चांगला आहे, फक्त त्यात एक ओळ आपल्यासाठी चुकीची असते. ती खाली येईल.

1. पहिली ओळ डॉकटाइपची. उघडा टोकदार कंस, उद्गारचिन्ह, डॉकटाइप, एक जागा, एचटीएमएल, बंद कंस. एवढंच. जुन्या पुस्तकांतली लांबलचक डॉकटाइप उतरवू नका. ही ओळ नसली तर ब्राउझर जुन्या काळच्या, 'क्वर्क्स' नावाच्या पद्धतीने पेज मांडतो आणि रुंदी, उंची, अंतर यांचे हिशेब बदलू शकतात.

2. एचटीएमएल टॅग, आणि त्यावर लँग. ॲट्रिब्यूटचं स्पेलिंग एल-ए-एन-जी, व्हॅल्यू एम-आर. तयार सांगाड्यात इथे इंग्रजीचं ई-एन असतं, आणि असंख्य मराठी पेजेसवर ते तसंच राहून जातं. मग स्क्रीन रीडर मराठी मजकुराला इंग्रजीचा आवाज लावू शकतो आणि ब्राउझर भाषांतराची पट्टी भलतीच दाखवू शकतो. आणखी एक फायदा: ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे दिलेले असतात, तो ते याच खुणेवरून निवडतो. गोव्यातलं पेज असेल आणि त्यात कोंकणी उतारा असेल तर तेवढ्या भागाला के-ओ-के द्या. इंग्रजी उताऱ्याला ई-एन.

3. हेडमध्ये सर्वात आधी मेटा कॅरसेट, म्हणजे फाइलचं एन्कोडिंग सांगणारी ओळ, व्हॅल्यू यूटीएफ-८. ही ओळ फाइलच्या पहिल्या १०२४ बाइट्समध्ये असावी असा नियम आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा. म्हणजे वर मराठीत लांब टिप्पणी किंवा लांब टायटल लिहून त्याखाली कॅरसेट ठेवलं तर मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर संपते.

4. मग व्ह्यूपोर्टचा मेटा. रुंदी फोनच्या रुंदीइतकी, सुरुवातीचा झूम १. त्यात झूम बंद करणारी व्हॅल्यू घालू नका. बारीक अक्षर मोठं करून वाचणाऱ्या ज्येष्ठ सभासदाचा रस्ता त्याने अडतो.

5. टायटल. रिकामं चालत नाही. 'होम' किंवा 'मुखपृष्ठ' असंही नको. वाचनालयाचं नाव आणि गाव लिहा.

6. हेड बंद, बॉडी उघडा. बॉडीत हेडर, मेन आणि फूटर असे तीन भाग करा. मेन एकच.

तपासा: फाइल सेव्ह करून ब्राउझरमध्ये उघडा. टॅबवर मराठी टायटल वाचता आलं पाहिजे. डोक्यावर चिन्हं असलेली रोमन अक्षरं दिसली तर फाइल यूटीएफ-८ आहे पण ब्राउझर ती दुसरं काही समजतोय, म्हणजे कॅरसेटची ओळ चुकली आहे. प्रश्नचिन्हं दिसली तर फाइलच चुकीची सेव्ह झाली आहे. ही दोन लक्षणं वेगळी आहेत. पहिल्यात मजकूर शाबूत असतो.

## पायरी ४: मजकुराला रचना द्या

इथे एकच प्रश्न विचारत जा: हा तुकडा *काय आहे?* कसा दिसावा हे नंतर.

वाचनालयाचं नाव एच१. 'वेळा', 'वर्गणी', 'सूचना', 'संपर्क' ही एच२. सूचनांच्या आत एखाद्या कार्यक्रमाचं शीर्षक असेल तर एच३. अक्षर लहान हवं म्हणून एच२ सोडून थेट एच४ लावणं, किंवा शीर्षकाऐवजी नुसता ठळक परिच्छेद टाकणं, हे दोन्ही चूक. स्क्रीन रीडर वापरणारे लोक शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत पेज वाचतात. ठळक अक्षर त्यांच्यासाठी शीर्षक नसतं.

परिच्छेद पी टॅगमध्ये. दोन परिच्छेदांत अंतर पाडायला बीआर दोनदा टाकू नका. बीआर पत्त्याच्या ओळी किंवा कवितेच्या ओळी तोडण्यासाठी आहे. रिकामे पी टाकून अंतर वाढवणंही नको, ते काम सीएसएसचं, म्हणजे सजावटीच्या वेगळ्या कोडचं.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक जवळून बघू. सूचनांचा भाग लोक असा लिहितात: पी उघडला, 'सभासदांसाठी सूचना पुढीलप्रमाणे' असं वाक्य लिहिलं, लगेच यूएल (ठिपक्यांची यादी) उघडून त्यात एलआय (यादीतला एकेक मुद्दा) टाकले, यूएल बंद केला आणि शेवटी पी बंद केला. दिसायला बिनचूक. पण पी च्या आत यादी राहू शकत नाही. यूएल दिसताक्षणी ब्राउझर पी स्वतःच बंद करतो. मग शेवटी तुम्ही लिहिलेला पी बंद करणारा टॅग अनाथ होतो, आणि त्या जागी ब्राउझर एक रिकामा परिच्छेद तयार करतो. यादीखाली कारण नसताना मोकळी जागा दिसते ती बहुतेकदा यामुळे. मग लोक ती घालवायला सीएसएसमध्ये उणे मार्जिन टाकत बसतात. उपाय सरळ आहे: वाक्य संपलं की पी बंद करा, यादी त्याच्या बाहेर उघडा. डिव्ह, तक्ता आणि शीर्षकं यांनाही हाच नियम.

यादीत उपयादी असेल तर ती एलआयच्या *आत* जाते, दोन एलआयच्या मध्ये नाही.

क्रमवार नियमांसाठी ओएल (आकड्यांची यादी) वापरा आणि आकडे हाताने टंकू नका. देवनागरी आकडे हवे असतील तर सीएसएसमध्ये लिस्ट-स्टाइल-टाइपला 'देवनागरी' ही व्हॅल्यू आहे. मधला एक नियम वगळला तरी क्रम आपोआप सुधारतो.

वर्गणीचा तक्ता हा खरा तक्ता आहे, तिथे टेबल हवंच. आधी कॅप्शन, मग टीहेडमध्ये मथळ्याची ओळ, प्रत्येक मथळ्याला टीएच आणि त्यावर स्कोप. पण 'डावीकडे फोटो, उजवीकडे पत्ता' अशा मांडणीसाठी टेबल वापरू नका.

तारखा आणि आकड्यांचा एक बारकावा मराठीत वारंवार नडतो. वाचकाला दिसणारे आकडे देवनागरीत ठेवा, हरकत नाही. पण ॲट्रिब्यूटच्या आतले आकडे रोमनच हवेत. टाइम टॅगमधल्या डेटटाइममध्ये '२०२६-०१-२६' असं देवनागरीत लिहिलं तर ती व्हॅल्यू अवैध ठरते. कोलस्पॅन, रुंदी, उंची यांचंही तसंच. आयएमईवर (मराठी टंकायच्या कीबोर्ड साधनावर) मराठी चालू ठेवून कोड लिहिताना ही चूक नकळत होते. अवतरणचिन्हांचंही तेच. फोनवर किंवा वर्डमध्ये लिहिलेल्या कोडमधली वळणदार अवतरणं ॲट्रिब्यूटला चालत नाहीत, सरळच हवीत. लिंक का उघडत नाही हे कळत नसेल तर आधी तिथे बघा.

सावधान: सूचना सरकत्या अक्षरांत दाखवण्याची आपल्याकडे फार हौस आहे. मार्की हा टॅग स्टँडर्डने बाद केला आहे. फाँट, सेंटर आणि टेबलवरचा बीजीकलरही बाद. मार्कीची गोष्ट केवळ नियमाची नाही. ज्यांना हळू वाचावं लागतं त्यांच्या डोळ्यांसमोरून ती सूचना निघून जाते. महत्त्वाचं असेल ते स्थिर ठेवा, यादीत सर्वांत वर.

## पायरी ५: लिंक, चित्रं आणि फाइलींची नावं

फाइलींची नावं लहान रोमन अक्षरांत, जागा न सोडता, गरज असेल तिथे आडवी रेघ. विंडोजवर मोठं 'जेपीजी' आणि लहान 'जेपीजी' एकच मानलं जातं. लिनक्स सर्व्हरवर ती दोन वेगळी नावं आहेत. तुमच्या संगणकावर दिसणारा फोटो सर्व्हरवर गायब होतो तो बहुधा याच कारणाने. देवनागरी नाव देता येतं, पण लिंक कॉपी केली की प्रत्येक चिन्हाची ९ अक्षरं होतात. 'मराठी' या शब्दात ५ चिन्हं आहेत, म्हणजे पत्त्यात ४५ अक्षरं. व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर ती लिंक वाचून कोणाला काही कळणार नाही.

प्रत्येक चित्राला ऑल्ट, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, हवा. इमारतीच्या फोटोला 'फोटो' असं लिहिणं निरर्थक. 'वाचनालयाची दुमजली इमारत, प्रवेश डावीकडच्या जिन्याने' असं लिहिलं तर ते कामाचं आहे. निव्वळ शोभेची वेलबुट्टी असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा, पण ॲट्रिब्यूट असू द्या. ऑल्ट रिकामा असणं आणि तो नसणं यांत फरक आहे. रिकामा असेल तर स्क्रीन रीडर चित्र सोडून पुढे जातो, नसेल तर तो कधीकधी फाइलचं नावच वाचून दाखवतो.

रुंदी आणि उंची नुसत्या आकड्यात द्या. शेवटी 'पीएक्स' लावलं की व्हॅल्यू चुकीची ठरते.

सहीशिक्क्याच्या नोटिशीचा फोटो काढून तोच पेजवर टाकण्याची सवय सोडा. फोटोतला मजकूर शोधता येत नाही, मोठा केला की फाटतो, अंध वाचकापर्यंत पोचत नाही. नोटीस टंकून द्या. मूळ कागद हवाच असेल तर त्याची लिंक खाली द्या, आणि लिंकच्या शब्दांतच 'पीडीएफ' आणि आकार सांगा. मोबाइल डेटावर असणाऱ्याला उघडायची की नाही हे ठरवता येतं.

लिंकचे शब्द एकटे वाचले तरी कळले पाहिजेत. 'येथे क्लिक करा' सहा वेळा आलं तर कुठलं 'येथे' कुठे नेतं ते समजत नाही. 'सभासद अर्जाचा नमुना' असं लिहा. फोन नंबर दिसायला देवनागरीत चालेल, पण टेल-कोलनने सुरू होणाऱ्या लिंकमध्ये तो रोमन आकड्यांत आणि +९१ सह जातो, अर्थात हे ९१ सुद्धा रोमनमध्ये.

पत्त्यात अँडचं चिन्ह असेल तर कोडमध्ये ते ए-एम-पी या लघुरूपाने, आधी अँड आणि नंतर अर्धविराम लावून लिहा. मजकुरात 'पेक्षा लहान' चं चिन्ह हवं असेल तर एल-टी.

## पायरी ६: सजावट, आता आणि फक्त सीएसएसमध्ये

वेगळी सीएसएस फाइल करा आणि हेडमधून जोडा. स्टाइलचा टॅग बॉडीच्या मध्ये टाकू नका, त्याची जागा हेडमध्ये आहे.

देवनागरीसाठी तीन गोष्टी पुरतात. ओळींमधलं अंतर १.६ ते १.८ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. लेटर-स्पेसिंग शून्याच्या वर नेऊ नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा दिसतो. आणि फाँटच्या यादीत नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता पुढे ठेवून मागे निर्मला यूआय आणि शेवटी सान्स-सेरिफ द्या. इंग्रजी पेजवर शोभणारी तिरकी अक्षरं देवनागरीत बहुतेकदा कृत्रिमपणे वाकवलेली असतात. जोर द्यायचा तर ठळक करा.

तपासा: सीएसएसची लिंक काढून पेज उघडा. शीर्षक, परिच्छेद, यादी, तक्ता हे सगळं क्रमाने वाचता आलं तर रचना पक्की आहे. गोंधळ दिसला तर पायरी ४ वर परत जा.

## पायरी ७: व्हॅलिडेटर

डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर 'नू एचटीएमएल चेकर' (नू म्हणजे एन-यू) हा व्हॅलिडेटर फुकट मिळतो. पत्ता देऊन, फाइल चढवून किंवा कोड चिकटवून तपासता येतं. पेज अजून सर्व्हरवर नसेल तर फाइल चढवणं सोयीचं.

1. चाळीस चुका आल्या तरी घाबरू नका. फक्त पहिली दुरुस्त करा आणि पुन्हा तपासा. एक टॅग बंद करायचा राहिला की खालच्या डझनभर ओळी त्यामुळे चुकीच्या दिसतात. खालून वर दुरुस्त करत गेलात तर बरोबर कोड बिघडवून बसाल.

2. संदेशांची भाषा ओळखीची करून घ्या. 'स्ट्रे एंड टॅग' म्हणजे उघडलेलाच नसलेला टॅग बंद केला. 'नो पी एलिमेंट इन स्कोप' म्हणजे वर सांगितलेली पी च्या आत यादी टाकण्याची चूक. 'डुप्लिकेट आयडी' म्हणजे एकच आयडी दोन ठिकाणी, बहुधा सूचनेचा तुकडा कॉपी करून खाली चिकटवल्यामुळे. 'बॅड व्हॅल्यू' आली तर देवनागरी आकडे, 'पीएक्स' किंवा वळणदार अवतरणं शोधा. 'ऑब्सोलीट' म्हणजे बाद झालेला टॅग. व्हिडिओ किंवा नकाशाचा तयार एम्बेड कोड चिकटवल्यावरही ही चूक येऊ शकते. त्यातला फ्रेमबॉर्डर काढून टाका आणि आयफ्रेमला टायटल द्या.

3. सूचना आणि इशारे वाचून मग सोडा. पेजची भाषा आणि लँगची व्हॅल्यू जुळत नाही असं चेकरला वाटलं तर तो तसं सांगतो. ते दुर्लक्षित करू नका. बीआरच्या शेवटी लावलेल्या तिरक्या रेघेबद्दलची सूचना मात्र निरुपद्रवी आहे.

सावधान: ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधलं 'एलिमेंट्स' बघून कोड तपासू नका, आणि तिथून कोड कॉपी करून फाइलमध्ये तर मुळीच आणू नका. तिथे दिसतं ते ब्राउझरने निस्तरलेलं रूप. तुमची चूक तिथे झाकलेली असते. मूळ कोड कंट्रोल+यूने दिसतो.

आणि व्हॅलिडेटरला सगळं कळत नाही. ऑल्ट आहे एवढं तो बघतो, तो खरा आहे का हे नाही. 'दर्या' की 'दऱ्या' हे त्याला माहीत नाही. म्हणून त्यानंतर विंडोजवर एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर लावून पेज ऐका आणि एच हे बटण दाबत शीर्षकांवरून फिरा. अँड्रॉइड फोन असेल तर त्यातला टॉकबॅक हा स्क्रीन रीडर. हे ऐकताना कळतं की 'स. ९ ते १२' असं लिहिलेलं ऐकायला किती विचित्र वाटतं, आणि 'सकाळी ९ ते दुपारी १२' लिहिण्यात काहीच कष्ट नव्हते. शेवटी ब्राउझरमध्ये झूम २०० टक्के करा. आडवं सरकावं लागू नये.

## पायरी ८: सर्व्हरवर चढवा आणि तिथे पुन्हा बघा

फाइली चढवून झाल्या की आता चेकरला पत्ता देऊन पुन्हा तपासा. घरच्या संगणकावर बिनचूक असलेलं पेज सर्व्हरवर बिघडतं तेव्हा तीन ठिकाणी पाहायचं.

फोटो किंवा सीएसएस सापडत नसेल तर आधी नावातली लहानमोठी अक्षरं, मग पत्त्यात चुकून राहिलेला तुमच्याच संगणकावरचा मार्ग. सी-ड्राइव्हने किंवा 'फाइल' या शब्दाने सुरू होणारी लिंक तुमच्याशिवाय कोणालाच उघडणार नाही.

जुनंच पेज दिसत असेल तर कंट्रोल+एफ५ दाबून ब्राउझरला ते नव्याने आणायला लावा. मगच फाइल पुन्हा चढवायच्या फंदात पडा.

आणि मराठीच्या जागी चिन्हांकित रोमन अक्षरं आली, पण फाइल यूटीएफ-८ असून कॅरसेटची ओळही जागेवर आहे, तर दोष फाइलचा नाही. पेजसोबत सर्व्हर जो हेडर पाठवतो त्यातलं एन्कोडिंग मेटाच्या ओळीवर मात करतं. डेव्हलपर टूल्समध्ये 'नेटवर्क' उघडून पेजच्या पहिल्या फाइलचं कंटेंट-टाइप बघा. तिथे यूटीएफ-८ सोडून दुसरं काही असेल आणि सर्व्हर अपाचे असेल, तर डॉट-एचटीॲक्सेस फाइलमध्ये ॲड-डिफॉल्ट-कॅरसेटची ओळ यूटीएफ-८ ला लावा. ती फाइल तुमच्या हाती नसेल तर होस्टिंगवाल्यांना नेमकं हेच कळवा: कंटेंट-टाइपमध्ये काय येतंय आणि काय हवंय. 'मराठी दिसत नाही' एवढंच सांगितलं तर ते तुम्हाला फाँट बदलायला सांगतील.